समुद्र सोडून निरवांगीच्या विहिरीत

पाण्याखाली जायला शिकण्यासाठी मी रत्नागिरीहून इंदापूर तालुक्यात निघाले आहे, हे कळल्यावर आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर चहा जरा जास्तच गोड लागत होता. "पुढच्या वर्षी हापूस खायला राजस्थानात जा," असं आमचे ग्रंथपाल म्हणाले. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. माझ्या मागच्या दारातून भरतीचं पाणी दिसतं. पण खरी गोष्ट अशी, की पस्तिशी ओलांडली तरी मला पोहता येत नव्हतं. आमच्या आळीतल्या बायका समुद्राला नारळ वाहतात, हात जोडतात आणि पाणी घोट्याच्या वर आलं की मागे फिरतात. मीही तेच करत आले होते.

मी प्राणिशास्त्र शिकवते. प्रवाळ हा माझा विषय. या विषयावर मी कितीतरी वर्षं बोलते आहे, पण प्रवाळ बघितले ते बरणीतले, दुसऱ्याने खालून काढून आणलेले. मुंबईचे आमचे एक सर डिसेंबरात बेटांवर अभ्यासाला जाणार होते. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "या खेपेला बोटीत बसून लेबलं चिकटवणारं माणूस मला नको आहे. खाली उतरणारं हवं. तुम्हाला जमलं तर तुम्ही, नाही तर दुसरं कोणी. कार्डबिर्ड मला नको, इथल्या तलावात मी स्वतः परीक्षा घेईन." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कोणी विचारेल असं मला वाटत नव्हतं.

शिकायला दोन रस्ते होते. गोव्यातल्या एका हॉटेलात एक परदेशी शिक्षक आठवड्याच्या आत स्कूबा शिकवत असे आणि शेवटी फोटो लावलेलं कार्ड देत असे. दुसरा रस्ता माझी मैत्रीण शैला हिने सुचवला. तिचे यजमान विनायकराव वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीला, दोघं तिथल्या क्वार्टर्समध्ये राहतात. "आमच्या जवळ निरवांगीत बापूराव म्हणून आहेत," ती म्हणाली, "नेव्हीत पाणबुडे होते. आता घरीच असतात. तू गोव्याला गेलीस तर पहिल्याच दिवशी घाबरून परत येशील. आधी इथे ये, मग ठरव." दिवाळीची सुट्टी होती. कोकण रेल्वेचे रूळ तेव्हा अजून टाकले जात होते, त्यामुळे एसटीला पर्याय नव्हता.

बारामती ते भवानीनगर

बापूराव मला घ्यायला बारामतीच्या स्टँडवर आले होते. घ्यायला म्हणजे, त्यांना तिथे हवेच्या दोन टाक्या उतरवून घ्यायच्या होत्या, त्यात मी आले. हिवाळ्यात ते मुंबईच्या एका कंत्राटदाराकडे धक्क्याखालच्या कामाला जात. त्याच्या ट्रकमधून टाक्या भरून आल्या होत्या. झुपकेदार मिशा, निळा शर्ट, मनगटावर वाटीएवढं घड्याळ. नमस्कार व्हायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"बाई, गोव्याचं नाव काढायचं न्हाय. तितं हाताला धरून मासं दाखवत्यात. त्याला शिकणं म्हणत न्हाईत. नेव्हीत आमाला पाण्याखाली तोंडावरची काच हिसकून घ्यायचे. मग शोध म्हणायचे."

"मला हाताला धरलेलं चालेल," मी म्हणाले.

"ते बघू," असं म्हणून त्यांनी एक टाकी माझ्या मांडीवर ठेवली.

आमचं सामान पाहून एसटीत कुजबुज सुरू झाली. घरगुती गॅस असता तर लोक गप्प बसले असते, पण ही टाकी पिवळी, लांबट, वर घड्याळासारखं काहीतरी. एक बाई म्हणाली, फुटली तर काय घ्या. कंडक्टरने बापूरावांचं नेव्हीवरचं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि भवानीनगरला दोन्ही टाक्यांसह आम्हाला खाली उतरवलं.

साखर कारखान्यासमोरच्या हॉटेलात आम्ही भेळ आणि चहा घेत बसलो. भेळीत इकडे फरसाण भरपूर आणि चिंच नावाला. आसपासची मंडळी टाक्यांभोवती जमली. ऑक्सिजन असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. एक म्हातारे आबा काठी टेकत पुढे आले.

"मला दमा हाय. जरा ऑक्सिजन द्या की."

"ऑक्सिजन न्हाय आबा, साधी हवा हाय. दाबून भरल्याली."

"कुठली हवा?"

"मुंबईची."

आबांनी टाकीकडे आणि मग आमच्याकडे बघितलं. "मुंबईची हवा खायाला हितं आणली व्हय? हितली काय वाईट व्हती?"

बापूरावांनी चहाची बशी तोंडाला लावली. नेव्हीचं नाव न निघता त्यांचं एखादं बोलणं संपलं ते पहिल्यांदाच, म्हणून मला आबांचा फार आदर वाटला. पुढे एका रिकाम्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही जंक्शन नावाच्या फाट्यावरून वालचंदनगरला पोचलो.

वालचंदनगर

क्वार्टर्सच्या ओळी, सारखी फाटकं, सारखी जास्वंद आणि वेळेवर होणारा भोंगा. आमच्याकडे माणसं भरती-ओहोटीवर उठतात-बसतात, इथे भोंग्यावर. शैलाने शेंगोळी केली होती: हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात. बरोबर बाजरीची भाकरी आणि दाण्याची चटणी. भात शेवटी, तोही घासभर, पाहुणी कोकणातली म्हणून.

विनायकरावांनी इंजिनियरच्या पद्धतीने प्रश्न मांडला. "गोव्यात चांगली साधनं, ठरलेला अभ्यासक्रम, शेवटी कार्ड. बापूरावांकडे एक विहीर आणि बापूराव. तुलना कशी करणार?"

"गोव्यात आधी पोहता यावं लागतं," मी म्हणाले, "आणि पाण्याची भीती असता कामा नये."

"मग तुलनाच नको," असं म्हणून त्यांनी भाकरी घेतली.

निरवांगी

बापूरावांचे वडील मेंढरं घेऊन फिरत. आता दोघा भावांचा ऊस आहे, थोरले भाऊ तात्या साखर कारखान्याचे सभासद आहेत, आणि मेंढरांची आठवण म्हणून घरात घोंगडी तेवढी उरली आहेत. विहीर उसाच्या मधोमध. दगडी बांधकाम, अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पुढे लोखंडी शिडी. पावसाळा नुकताच सरल्यामुळे पाणी शेवटच्या पायऱ्यांवर चढलं होतं, हिरवट पण स्वच्छ.

आणि त्यात बायका पोहत होत्या. ही माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातली सर्वांत नवलाची गोष्ट. समुद्राकाठी आम्ही कोरड्या, आणि या दुष्काळी मुलखात परकर-पोलक्यातल्या मुली पाठीला प्लॅस्टिकचे कॅन बांधून खुशाल पाण्यात धपाधप पडत होत्या. त्यांत कॅन नसलेली एकच, तात्यांची रंजना. विशीतली, सडपातळ. तिने काठावरून गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारला की मी बसले होते तिथपर्यंत भिजले. कुणाची कळशी पडो, बादली पडो, सगळी वस्ती रंजनाला हाक मारते. ती तळाला जाते आणि घेऊन येते.

"पोरीचा दम बघा," बापूराव म्हणाले. ती पाण्याखाली होती आणि मला श्वास कोंडल्यासारखं होऊ लागलं. मग ती हसत वर आली. तिलाही ते टाकी लावून उतरायला शिकवत होते. विहिरीच्या काठी चिंचेखाली एक पत्र्याची शेड बांधायची, लांबून लोक शिकायला येतील, पहिली शिकलेली रंजना असेल, असा त्यांचा बेत होता. शेडचं दार कोणत्या बाजूला येणार तेही त्यांनी मला दाखवलं.

माझ्याही पाठीला कॅन बांधला. मुली हसल्या. एक म्हणाली, "एवढी मोठी बाई आन् डबा लावती?" मला हसू आलं नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा मी पायरी सोडायला तयार होईना. बापूराव वरून नेव्हीच्या भाषेत ओरडत होते, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग रंजना शेजारी येऊन बसली आणि माझं मनगट धरलं.

"बाई, मी सोडत न्हाय. तुमी सोडा."

मी सोडलं. दुपारपर्यंत मी कॅनच्या भरवशावर विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले. तिथे मला विश्वनाथाचं दर्शन झाल्याएवढा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी टाकी. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, कमरेला शिशाचा पट्टा. पायरीवर बसायचं आणि डोकं पाण्याखाली घालून श्वास घेत राहायचा, एवढंच काम. एवढंच! पाण्याखाली श्वास घ्यायला शरीर तयारच होत नाही. जन्मभराची समजूत आडवी येते. दोनदा मी नळी थुंकून वर आले. तिसऱ्यांदा रंजनाचा हात हातात होता. छातीत आपोआप हवा आली, कानाशी बुडबुड्यांचा मोठा आवाज झाला, आणि मी जिवंत आहे हे माझ्या लक्षात आलं. मला रडू आलं, पण काचेच्या आत रडण्याची सोय नसते.

त्यानंतर बापूरावांनी आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा धडा दिला, आणि तो फार चांगला दिला. ते एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन तळाला गेले. तिथे नळीतल्या हवेने पिशवी तट्ट फुगवली, तोंड बांधलं आणि सोडून दिली. पिशवी वर येता येता टरारली आणि आमच्या डोळ्यांदेखत पाण्यातच फाटली.

"खाली हवा दाबात असती," ते वर येऊन म्हणाले, "वर येताना ती फुगती. टाकीची हवा घेतली आन् तोंड मिटून वर आला, तर छातीची ह्या पिशवीसारखी गत हुती. म्हणून वर येताना दम कोंडायचा न्हाय. बुडबुडं सोडत, सावकाश यायचं. कळलं का रंजे?"

"कळलं की," रंजना म्हणाली.

संध्याकाळी मी शैलाला सांगून टाकलं: गोवा रद्द. सरांना कार्ड नको आहे, मला गोड बोलणारे अनोळखी लोक नकोत, आणि जे लागतं ते इथे आहे. शैला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" 

पुन्हा विहिरीवर

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॅन न बांधता विहीर पार केली, आणि मग रंजना टाकी लावून तळापर्यंत गेली. मी डोळ्यांवर काच लावून, पट्टा बांधून, शिडीला धरून गळ्याएवढ्या पाण्यात होते. माझी पाळी तिच्यानंतर. मी अधूनमधून तोंड पाण्यात घालून तिला बघत होते. तेवढ्यात नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेची दोन माणसं आली. त्यांच्या पाइपाची जाळी गाळाने बुजली होती, ती काढायला बापूरावांनी यावं असा आग्रह चालला होता. बापूराव काठावर उभे राहून त्यांना आपल्या जुन्या कामांच्या हकिकती सांगत होते.

खाली रंजनाला गाळात एक तांब्या दिसला. कोणाचा तरी पडलेला. लहानपणापासून तिने जे केलं तेच तिने केलं. नळीवर ओठ मिटून दम कोंडला, तांब्या उचलला, पाय मारला आणि सरळ वर निघाली. शंभर वेळा ती अशीच वर आली असेल. पण या वेळी तिच्या छातीत टाकीची हवा होती, आणि तिच्या तोंडाशी एकही बुडबुडा नव्हता.

मला ती पिशवी दिसली. मी शिडी सोडली आणि खाली गेले. जाण्यात माझं कौशल्य काही नव्हतं, शिशाने नेलं. ती अर्ध्यावर समोर आली तेव्हा मी तिच्या पोटात बुक्की मारली. केवढा तरी मोठा बुडबुड्यांचा लोट माझ्या तोंडावर आला. मग मला कळलं की माझ्या तोंडात नळी नाही आणि मी खालीच चालले आहे. तिने माझ्या दंडाला धरून मला शिडीपाशी आणलं.

"बाई, मारलं का?" ती खोकत, रागाने म्हणाली. तांब्या तिच्या हातातच होता.

 मी तोंड मिटून दाखवलं, आणि दोन्ही हातांनी पिशवी फुगल्याची खूण केली. तिचा चेहरा उतरला.

बापूराव धावत पायऱ्या उतरून आले. छातीत दुखतं का, दम लागतो का, हाताला मुंग्या येतात का, असं त्यांनी तिला पुन्हापुन्हा विचारलं आणि लगेच जीप मागवून वालचंदनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून काही झालेलं नाही असं सांगितलं.  विहिरीपाशी आल्यावर बापूरावांनी टाक्या गोणपाटात गुंडाळल्या.

"हिला दम धरायला आमच्या हिरीनंच शिकवलं," ते म्हणाले. "ते मोडायला कोण तरी सारखं डोळ्यांम्होरं पायजे. नेव्हीत एक पोरगा खाली गेला की वर दोघं असायची आन् खाली एक. हितं मी एकटा, आन् तो बी गप्पा हाणत बसल्याला." गोणपाटाची गाठ आवळून ते म्हणाले, "बाई, तुमी गोव्याला जावा. तितं माणसं हायत, सामान हाय. पवायला तुमाला आलंय. भ्या बी गेलंय, न्हायतर शिडी सोडली नसती तुमी."

या वाक्यासाठी त्यांना काय मोजावं लागलं ते मला दिसत होतं. चिंचेखालच्या शेडकडे, म्हणजे जिथे शेड होणार होती तिकडे, त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

भीती गेली असं ते म्हणाले खरं, पण ते अर्धंच खरं होतं. मी शिडी सोडली ती रंजना खाली होती म्हणून. पायरी सोडली तीही तिने मनगट धरलं होतं म्हणून. गोव्यात अनोळखी माणसं, इंग्रजी सूचना, उघडा समुद्र, आणि मी एकटी. तिथे मी पहिल्याच सकाळी परत फिरणार, हे शैलाचं भाकीत मला आता पुरतं पटलं होतं. सरांना 'जमणार नाही' असं कळवायचं आणि बोटीत दुसरं कोणी जाऊ द्यायचं, असं माझं मनाशी ठरत आलं. 

निघण्याचा दिवस

शेवटच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. रंजना विहिरीच्या पायरीवर पाय सोडून बसली होती.

"बाई, कळत व्हतं मला. तरी तोंड मिटलंच. आपोआप मिटतं."

मी शिक्षिका आहे, मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "गुणगुणत वर ये. गुणगुणताना माणसाला श्वास कोंडता येत नाही. करून बघ." तिने नाकातून सूर धरला, मध्येच श्वास कोंडायला गेली तर सूर तुटला. ती हसली. टाक्या गोणपाटातच होत्या, पण सवय मोडायला टाकी कशाला लागते? तिने बुडी मारली, तळाचा खडा उचलला आणि बुडबुड्यांची माळ सोडत वर आली. बापूराव आले आणि पायरीवर बसून बुडबुडे बघत राहिले. जरा खंड पडला की ते हात वर करत, आणि ती पुन्हा जाई. तिचे ओठ निळे पडेपर्यंत हे चाललं. शेवटी शेवटी खंड पडेनासा झाला.

"मी बी येऊ का गोव्याला?" अंग पुसता पुसता तिने चुलत्याला विचारलं.

"खर्चाचं मी बघंन. पर तात्याला इचारायचं माझ्यानं व्हणार न्हाय," बापूराव खालच्या आवाजात म्हणाले. "नर्सिंगला बारामतीला जाती म्हणालीस तवा काय झालं? एकटी पोरगी कुठं बी जाणार न्हाय, म्हणाला. आन् आता तर काल काय झालं ते गावभर झालंय."

ते बोलत होते तोवर तात्या उसातून बाहेर आले. पांढरं धोतर, खांद्यावर फावडं. चार दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी विहिरीवर असले की ते पाठ करून कामाला लागत, बाईमाणसं पाण्यात असताना तिकडे बघू नये म्हणून. बापूराव उभे राहिले. रंजना अंगावर टॉवेल घेऊन भिंतीला टेकली. आता काय ऐकावं लागणार ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

तात्यांनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी गोव्याला जाणार म्हणं."

"अजून नक्की नाही तात्या."

"जायचं झालं तर संगट कोण?"

"कोणी नाही. एकटीच."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एकट्याच? परमुलखात? आन् त्यात पाण्याचं काम? छ्या. बाईमाणसानं असं एकटं जाऊ न्हाय. कुणी जाऊ दिलं तुमाला?" मला उत्तर देण्याची सवड न देता ते लेकीकडे वळले. "रंजे, उभी काय ऱ्हायलीस? पिशवी भर. बाईंच्या सोबतीला जायचं."

रंजना हलली नाही. तिला खरं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

तात्यांनी फावडं खांद्यावर घेतलं. दोन पावलं जाऊन ते थांबले, पण वळले नाहीत.

"आन् सोबत म्हंजी नीट करायची," ते उसाकडे बघत म्हणाले. "बाई वर असल्या तर वर. खाली असल्या तर खाली."

मग ते सऱ्यांचं पाणी बदलायला निघून गेले.